एक झटका म्हणजे ठीक आहे

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे! दादाच्या घरून निघताना वहिनीने इतक्या मायेने निरोप दिला की मला संशयच आला. पण धाकटीला आभाळ ठेंगणं झालंय. दोघी बहिणींना एकाच ठिकाणी काम मिळतं, वर राहायला खोली मिळते, हे माझ्या चाळीस वर्षांत मी तरी ऐकलं नव्हतं.

ही बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिची आता खेळनगरी केली आहे. लोक तिकीट काढून येतात, कुणी योद्धा होतं, कुणी जादूगार, आणि लाकडी तलवारी घेऊन बोगद्यात शिरतात. आत राक्षसी कोळी असतात. त्यांना मारून राजकन्येला सोडवायचं. चांगले टक्कल पडलेले बाप्ये हे करतात! मालक स्वतः राजा होतो, म्हणून त्याला सगळे राजेसाहेब म्हणतात. आज तो मुकुट घालूनच नळ दुरुस्त करणाऱ्याशी भांडत होता.

धाकटी राजकन्या आणि मी शिवणारी. शिवणखोली बोगद्याच्या तोंडाशीच आहे. उजेड बरा येतो, मशीन जुनं पण सुतासारखं चालतं. दाराला बाहेरून कडी आहे, आतून नाही. असं का, ते विचारायला हवं.

५ नोव्हेंबर
काम समजलं. कोळी दोन आहेत, बांबूच्या कामट्या, फोम आणि काळी मखमल. एकात जाड्या शिरतो, दुसऱ्यात लुकड्या. पायांच्या शिवणी रोज उसवतात. धाकटीला मी गॉजच्या पट्ट्यांत गुंडाळते, म्हणजे कोळ्याने गुंडाळून ठेवल्यासारखी दिसते. मग तिला खाणीच्या जुन्या रुळांवरच्या छोट्या गाड्यावर निजवून आत ढकलायचं.

तिचं तोंड झाकलेलं असतं, आणि बोगद्यात किंचाळण्याला कुणी विचारत नाही. किंचाळायलाच तर लोक येतात. म्हणून गाड्याची दोरी माझ्या टेबलापर्यंत आणली आहे. तिच्यावर एक घंटी बांधलेली आहे. मी एकदा ओढून विचारायचं. तिने एक झटका दिला की ठीक आहे. तीन झटके म्हणजे मला बाहेर ओढ. धाकटी आज उगाचच दहा वेळा ठीक होती. शेवटी ती बाहेर आल्यावर मी हातातली कात्री दाखवून तिला दम दिला.

९ नोव्हेंबर
इथे एक जुनी बाई आहे, तिला सगळे मावशी म्हणतात. तिचं काही खरं नाही. आधी शिवणखोली तिच्याकडे होती, आता तिला तिकिटांवर बसवलंय, त्यामुळे ती माझ्यावर डोळा ठेवून असते. आज म्हणाली, खेळ संपला की गाडा बाहेर ओढायचा आणि दोरी खुंटीला टांगायची, आत काहीही राहू द्यायचं नाही. का, ते सांगेना. ती स्वतः तसंच करायची म्हणे.

सकाळी तोच गाडा परत आत ढकलायचा, मग संध्याकाळी कंबर मोडून बाहेर कशाला काढायचा? मी पहिल्या दिवसापासून तो आतच ठेवतेय. काही बिघडलेलं नाही. नव्या माणसाला राबवून घ्यायची ही जुनी खोड, दुसरं काय.

१३ नोव्हेंबर
गाड्यावर माझ्या नसलेल्या पट्ट्या सापडल्या. माझा गॉज आखूड आणि पिवळट. हे पांढरं, बारीक, आणि कात्रीला दाद देत नाही. काम सुंदर आहे, ते कबूल करायला हवं. मला वाटलं, मावशी लपून येऊन शिवते आणि मला खाली पाहायला लावायचा बेत आहे. सरळ तोंडावर विचारलं. ती माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत राहिली आणि चहा तसाच टाकून निघून गेली. चोराच्या मनातलं तोंडावर दिसतं, हेच खरं.

१५ नोव्हेंबर
दुपारी जेवणाची सुट्टी होती. धाकटी माझ्याच टेबलावर बसून पाय हलवत चहा पीत होती. आणि घंटी वाजली. एकदा.

मग धाकटी फसकन हसली आणि म्हणाली, बघ ताई, मी तिकडेही ठीक आहे. मी धावत बाहेर गेले. जाड्या आणि लुकड्या पायरीवर जेवत होते, कोळ्याचे पाय काढून शेजारी ठेवलेले. राजेसाहेब फोनवर. मावशी खिडकीत. सगळे डोळ्यांसमोर.

म्हणजे आणखी कुणीतरी यांना सामील आहे. नव्या बाईची गंमत करताहेत.

१७ नोव्हेंबर
आज पुन्हा वाजली. गाडा रिकामा असताना. माझं डोकं फिरलं. मी दोरी धरून चांगले तीन झटके दिले, म्हटलं, जो कोण असेल त्याचे दात पडू देत. उत्तर आलं नाही. बराच वेळ दोरी ताणलेली राहिली, जणू पलीकडे कुणी ती धरून ऐकत होतं.

दोरी हाताला चिकटते. साबणाने जात नाही.

१८ नोव्हेंबर
जाड्या आला नाही. राजेसाहेब म्हणाले, न सांगता नोकरी सोडली, असली माणसं अशीच. पण त्याच्या चपला पायरीवर आहेत. अनवाणी कोण नोकरी सोडतं?

त्यांना म्हटलं, धाकटीला आत पाठवणार नाही. ते हसले. म्हणाले, भीती हाच आपला माल आहे, आणि ती तुम्हालाच लागली म्हणजे काम झकास चाललंय. धाकटीही चिडली. तू दूधवाल्यावरसुद्धा संशय घेतेस, म्हणाली. दादाच्या घरून माझ्यामुळेच निघावं लागलं, असंही म्हणाली. वर्मावर बोट ठेवलं. मी गप्प बसले.

गप्प बसायला नको होतं.

१९ नोव्हेंबर. दुपार
धाकटी आत आहे. टेबल सोडता येत नाही, म्हणून लिहीत बसलेय.

विचारलं. एक झटका. ठीक आहे.

खेळणारे बाहेर आले, खूश आहेत. म्हणतात, आजचा कोळी अप्रतिम होता, आत माणूस असेल असं वाटतच नव्हतं. केवढा मोठा केलाय, म्हणतात.

लुकड्या माझ्यासमोर उभा आहे. बटण लावून घ्यायला आलाय. तो आज आत गेलेलाच नाही.

विचारलं. एक झटका.

राजकन्या कुठे, म्हटलं. खेळणारे म्हणाले, आम्हाला ती दिसलीच नाही.

मावशी आली. तिला सगळं सांगितलं, गाडा आत ठेवला तेही. तिने कपाळाला हात लावला. दोरी हलली की ते येतं, म्हणाली. तिने राजेसाहेबांना कितीदा सांगितलं, त्यांनी तिलाच वेड्यात काढून तिकिटांवर बसवलं. बोगद्याच्या मागच्या तोंडाने ती आणि लुकड्या आत शिरताहेत. तू इथून विचारत राहा, त्याचं लक्ष इकडे ठेव, म्हणाली. मी चांगल्या बाईला चोर म्हटलं.

विचारलं. एक.
विचारलं. एक. लगेच. फार लगेच.

डावा हात दोरीला चिकटलाय. सुटत नाही.

एक.

तीन!
तीन झटके. तीन म्हणजे धाकटी. तीन तिलाच माहीत — मला बाहेर ओढ — ओढते

जड आहे. चाकं करकरताहेत. येतेय. ओढतेय गं, येतेय — आणखी थोडं —

फार जड. धाकटी एवढी नाही. घाबरून गाड्याला धरून बसली असेल

मागे आवाज. अंगणात. मावशी ओरडतेय, सापडली, सापडली म्हणून. आणि ताई, ताई — धाकटीच ती. रडतेय पण तिचाच आवाज. बाहेर आहे. देवा, ती बाहेर आहे

मग तीन कुणी

परवा मीच तीन — मीच दिले होते —

ओढणं थांबवलंय. हात सुटत नाही. चाकंही थांबली. पण दोरी सैल पडतेय, पायाशी ढीग होतोय, मी ओढत नाहीये तरी सैल — म्हणजे ते गाड्यावरून उतरून चालत

धाकटे, दाराला बाहेरून कडी घाल. आत येऊ नकोस. मी ठीक आहे, मी ठी