गुरुवारच्या इंजेक्शनाआधी

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते आहे, केसही रोज विंचरते आहे. तू विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

पत्र तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी फोन केला की तो आधी सासूबाई उचलतात, मग भाऊजी, आणि तुझ्या हातात येईपर्यंत स्पीकर चालू झालेला असतो. म्हटलं, एकदा निवांत लिहावं. तशी विशेष गोष्ट काही नाही.

बोटं कशी आहेत? पहिल्याच खेपेला सुईत दोरा ओवलास, हे तू सांगितलंस तेव्हा मी लॅबभर सांगत सुटले. माझ्यासोबत काम करणारा एक मुलगा आहे, दुपारी बसल्या बसल्या डुलक्या घेतो, म्हणून त्याला आम्ही पेंगुळ म्हणतो. तो म्हणाला, "ताईंना विचार, माझ्या ॲप्रनची दोन बटणं तुटली आहेत." मी म्हटलं, माझ्या ताईचे हात तुझ्या बटणांसाठी बरे झालेले नाहीत.

तू दर वेळी विचारतेस की मी इथे करते तरी काय. आई शेजारी सांगते, धाकटी डॉक्टर होते आहे. कुणाची, ते सांगत नाही. उंदरांची! तर ऐक. शरीरातल्या पेशी एकमेकींना हाका मारतात. त्या हाकांना सायटोकाइन म्हणतात. तुझ्या सांध्यांत त्यातली एक हाक कारण नसताना सारखी चालू आहे, म्हणून सूज. तुझ्या इंजेक्शनात अँटीबॉडी असते, ती त्या हाकेला वाटेतच पकडते. उंदरांमधल्या त्याच हाकेला पकडणारी अँटीबॉडी मी इथे स्वतःच्या हातांनी तयार करते. पेशी वाढवायच्या, त्यांच्याभोवतीचं पाणी गोळा करायचं, ते काचेच्या नळीतून थेंब थेंब गाळून बाकी सगळं काढून टाकायचं. या वेळी ती इतकी शुद्ध निघाली की आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "हिला कुठे नावच ठेवता येत नाही." मला दिवसभर जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटत नव्हतं. आपल्या घरातलं कुणीतरी असं काही करू शकतं, हेच मला अजून खरं वाटत नाही.

निम्म्या उंदरांना ती देतो. निम्म्यांना तितकीच शुद्ध, पण काहीही न पकडणारी दुसरी अँटीबॉडी देतो. पिंजऱ्यांवर नुसत्या निळ्या आणि पिवळ्या चिठ्ठ्या. कोणती कुणाची, ते फक्त मॅडमना माहीत, म्हणजे आपल्या मनाचे खेळ आकड्यांत उतरत नाहीत.

या उंदरांच्या छातीत आधीपासून जंतू आहेत, पण झोपलेले. उंदीर खाऊन पिऊन मजेत होते. कोणते जंतू, ते लिहीत नाही. तुला कळेल.

निळ्या चिठ्ठीचे उंदीर आजारी पडले आहेत. अंग फुगवून, पाठीला कुबड काढून कोपऱ्यात बसतात. हातात घेतलं तर चावतही नाहीत. पिवळ्या चिठ्ठीचे मात्र तुरुतुरु पळताहेत. मॅडमनी अजून सांगितलेलं नाही, पण निळे कोणते ते मला कळलं आहे.

बाकी ठीक. तुला खोकला वगैरे नाही ना? सहज विचारते. आणि इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी काय काय विचारलं होतं, ते आठवून मला लिही. सगळं लिही. किरकोळ वाटलं तरी.

सासूबाईंना नमस्कार. भाऊजींनाही.

तुझी,
धाकटी


२५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पत्र मिळालं. तुझं अक्षर पूर्वीसारखं गोल आलं आहे. आधी तेवढंच पाहत बसले. मग वाचलं.

"वेडाबाई, तुझ्या उंदरांची दुखणी माझ्या गळ्यात का मारतेस?" असं लिहिलंस. खोकला आहे थोडा, पण तो दुकानातल्या कापडाच्या तुसांचा. झोपेत घाम येतो, पण तो पंखा कुरकुरतो म्हणून. पोलकं सैल झालं आहे, पण ते एक बरंच झालं. ताई, प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे कारण आहे. म्हणूनच मला भीती वाटते.

आणि डॉक्टरांचं तू गंमत म्हणून लिहिलंस. त्यांनी विचारलं, माहेरी कुणाला टीबी होता का, आणि तू तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "छे हो! निरोगी घर बघूनच सून आणली आम्ही." डॉक्टर हसले. तूही हसलीस. मी ते पान उलटं ठेवून दिलं, जणू तसं केल्याने ते घडलंच नसतं.

बघ, शेवटी तो शब्द मी लिहिला. सासूबाईंच्या नावावर ढकलून का होईना.

आपण घरी तो कधी उच्चारला नाही. बाबा परगावी कामाला आहेत, असं सांगायचो, आणि बाबा आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून खोकायचे. पाहुणे आले की रेडिओ मोठा करायचं काम तुझं. रात्री त्यांना पाणी द्यायचं कामही तुझंच, कारण तू मोठी. मी तुझ्या कुशीत झोपायची. बाबा गेले तेव्हाही आईने छातीचं दुखणं एवढंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं म्हणून आपण दोघींनी मान डोलावली.

तू म्हणशील, हातावर सुई टोचून चाचणी केली, जागा साधी लालही झाली नाही. मीही त्यावरच विसंबले होते. हे औषध झोपलेल्या टीबीला उठवू शकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. म्हणूनच तर चाचणी करतात. तुझी चाचणी चांगली आली म्हणून फोनवर "घे, बिनधास्त घे" म्हणणारी मीच. भाऊजींना पटवणारीही मीच. घरात एकच शिकलेली, तिचं सगळ्यांनी ऐकलं.

मग मी मॅडमना विचारलं. म्हटलं, एक ओळखीच्या बाई आहेत, चाचणीच्या वेळी त्यांना सूज उतरायच्या जोरदार गोळ्या चालू होत्या, तर फरक पडतो का?

"पडतो ना. त्या गोळ्यांमुळे कधी कधी आत जंतू असूनही कातडी उठत नाही. म्हणून तर घरच्यांचं विचारतात." मग चष्मा वर करून म्हणाल्या, "ओळखीच्या म्हणजे कोण गं?"

"आहेत एक," म्हटलं आणि पळाले. ताई, मी त्या वेळीही पळाले.

पण परवा पळता आलं नाही. उंदरांच्या खोलीत जाणाऱ्यांची वर्षातून एकदा तीच चाचणी होते. माझी पहिलीच वेळ. माझा हात टम्म सुजला. छातीचा फोटो चांगला आला, मला आजार नाही, तू घाबरू नकोस. पण जंतू माझ्या आत आहेत, झोपलेले. मॅडमना वाटलं, लॅबमध्येच लागण झाली. त्यांनी खोली बंद केली, मास्क तपासायला घेतले. पेंगुळने मागच्या आठवड्यात पिंजरा नीट बंद केला होता की नाही, यावर त्याची उलटतपासणी सुरू झाली. तो बिचारा मला म्हणाला, "माझ्यामुळे झालं असेल तर मला माफ कर हं." त्याचे डोळे भरून आले होते. रुजू होताना मलाही विचारलं होतं, घरी कुणाला टीबी होता का. मीही तुझ्यासारखंच हसून ते टाळलं होतं.

मी म्हटलं, "मॅडम, लॅबमधून नाही. घरातून. माझ्या वडिलांना टीबी होता."

एवढंच वाक्य. ते बोलताना मला आईचा चेहरा दिसत होता. मॅडमनी हातातला मास्क खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्या ओळखीच्या बाई तुझ्या बहीण आहेत."

मी मान हलवली.

"पुढचं इंजेक्शन कधी?"

"येत्या गुरुवारी."

"मग तू इथे काय करते आहेस?"

निळ्या चिठ्ठीच्या उंदरांची फुप्फुसं मी भिंगाखाली पाहिली आहेत. जंतूंभोवती पेशींनी कडं करून त्यांना डांबून ठेवलेलं असतं. मी मागे लिहिलेल्या त्या हाकेवरच या पेशी पहाऱ्याला उभ्या राहतात. पिवळ्यांत ती कडी शाबूत होती. निळ्यांत फुटली होती. फोडणारी अँटीबॉडी मी शुद्ध केली होती. तिच्यात काही खोट नव्हती. तिने सांगितलेलं काम चोख केलं.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली. मेलेल्या माणसाला आता पुन्हा खोकायला लावू नकोस. मोठीचा संसार आहे." मी म्हटलं, आई, खोकते आहे ती मोठी. तिने फोन ठेवला नाही. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

काल तुलाही फोन केला होता. सासूबाई, भाऊजी, स्पीकर. मी हवापाण्याचं विचारून ठेवून दिला.

तर आता नीट ऐक. हा आजार बरा होतो. बाबांनी औषध लपूनछपून घेतलं, मध्येच सोडलं, म्हणून ते गेले. तुला तसं करायचं नाही. आधी इंजेक्शन थांबवायचं, छातीचा फोटो, थुंकीची तपासणी, मग महिनोन् महिने गोळ्या. पुढे डॉक्टर ठरवतील तेव्हा सांध्यांचा उपचार परत सुरू करता येईल. तोवर बोटं पुन्हा सुजतील. दोरा ओवता येणार नाही. कदाचित दुकानही सोडावं लागेल. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. आपल्या घरात लपवाछपवी पुरे झाली.

बाबांचं नाव घ्यायचं नसेल तर माझं घे. सांग, धाकटीची चाचणी बिघडली, आणि लहानपणी आम्ही एका पांघरुणात झोपायचो. यात खोटं काहीच नाही. सासूबाई मला त्यांच्या भाच्यासाठी बघत होत्या ना? आता बघणार नाहीत. तो भाचा सुटला, मीही सुटले.

पण सांग. मला रात्रभर एकच दिसतं आहे, की तू बाही वर करून, हसून हात पुढे करते आहेस. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, बाबांच्या वेळीही नाही. तेव्हा रेडिओ चालू असायचा आणि तू जवळ होतीस.

मी बुधवारी रात्रीच्या गाडीने निघते आहे. गुरुवारी सकाळी इंजेक्शनच्या खोलीबाहेर असेन. तू आधीच डॉक्टरांशी बोललेली असलीस, तर मी तुझी पिशवी धरायला आलेली बहीण. नसलीस, तर सासूबाईंच्या आणि भाऊजींच्या देखत मी बोलेन. मग तू आयुष्यभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मला चालणार नाही, पण चालेल.

तुझ्या कुशीत झोपलेली,
धाकटी