वाडग्यातली वाइन

आईस एमरिकचा प्रेमाचा नमस्कार.

कालच्या बाजाराला माझ्या खाणावळीत पाव, लसणाचं सूप, बदकाचा रस्सा, सगळं माझ्या हातचं. लोक बसले ती बाकंसुद्धा. कुणी शिकवलं नाही, पण एकही डुगडुगत नाही.

खाणावळ विकत घ्यायला पॅरिसहून एक साहेब आले होते. त्यांच्या शेजारच्या बाकावर गुरं विकणाऱ्या लेओन्सबाई जेवत होत्या. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सूप तळाशी दोन चमचे उरल्यावर त्यांनी त्यात लाल वाइन ओतली आणि वाडगाच तोंडाला लावला.

"हे मी बंद करणार," साहेब म्हणाले.

"आधी माझं तोंड बंद करून दाखव, बाळा!"

अख्खी खाणावळ हसली. मी तिथेच ठरवलं.

तुझे गुडघे कसे आहेत? घराच्या छपराला या हिवाळ्यात ताडपत्री पुरेल ना? कौलं पुढच्या वर्षी घालू. साहेब दोन लाख युरो देत होते. मी नको म्हटलं.

तुझा लेक