नुसतं ऑब्झर्वेशन

सोमवार, ११ नोव्हेंबर. कावासाकी, जपान

आज अकरा फाइली परत पाठवल्या! अमेरिकेतल्या डॉक्टरांची पानं गाळायची खोड काही जात नाही. त्यातून हे ऑब्झर्वेशनचे पेशंट — धड भरती नाहीत, धड घरी नाहीत, नुसतं ठेवून बघायचं. किती वेळ ठेवलं, डॉक्टरला किती डोकं लावावं लागलं, त्यावरून बिलासाठीचा कोड नंबर मी निवडायचा. पान कमी असेल तर कोड नाही. कागदावर नाही ते घडलंच नाही, हा आमचा धर्म.

ज्या पुण्याच्या कंपनीसाठी घरून हे काम करते, तिची ट्रायल संपून नोकरी पक्की व्हायला तीन आठवडे उरलेत. सहा वर्षं जयेशच्या नोकरीपायी इथे कचरा वेगळा करण्यात आणि नैनाला सायकलवरून शाळेत सोडण्यात गेली. आता कुठे माझं स्वतःचं काही सुरू झालंय.

साडेबाराला बाबांचा फोन. पुण्यात नऊ वाजतात, त्यांचे पोहे झालेले असतात. म्हणाले, पेशंट न बघता आजार ओळखतेस म्हणजे तू वैद्यांच्या वरताण. आजार नाही हो बाबा, नुसता नंबर! खूप हसले. मग बराच वेळ खोकत होते.

मंगळवार, १२

साडेबारा झाले, फोन नाही.

एक वाजता विश्वजितदादाचा आला. बाबांना चक्कर आली, हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. "काही नाही गं, नुसतं ऑब्झर्वेशन." म्हटलं, पेपर पाठव. त्याने फोटो पाठवला. बीपी कमी, नाडी बरी, सलाईन चालू. सवयीने मनात कोडही लावून टाकला — मधल्या पातळीचा. असे पेशंट दुसऱ्या दिवशी चालत घरी जातात, शेकड्यांनी बघते मी.

जयेश म्हणाला, तिकीट बघू का? म्हटलं, कशाला उगीच.

बुधवार, १३

आईचा फोन. ये असं म्हणाली नाही. "तुझं काम आटपलं की बघ," एवढंच. आणि मी शहाणी तिलाच ऑब्झर्वेशन म्हणजे काय ते समजावत बसले! मागून बाबा म्हणत होते, तिची परीक्षा चाललीय, तिला सतावू नकोस.

नैनाने आजोबांना पत्र लिहिलं, जपानीत. त्यांना वाचता येणार नाही म्हटल्यावर खाली पोह्यांची बशी काढली. फोटो पाठवायचा राहिला. उद्या पाठवते.

गुरुवार, १४

बाबा गेले.

शनिवार, १६. पुणे

मी पोचायच्या आधीच सगळं उरकलं होतं. थांबवून ठेवणं बरं नव्हे, असं मोठ्यांचं म्हणणं पडलं. खुंटीवर त्यांचा स्वेटर आहे, तेवढा हातात घेतला. मला रडूसुद्धा धड येत नाही.

बुधवार, २०

आज दादाने सांगितलं. दुसरंही एक पान होतं. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं — हृदय फार थकलंय, कधीही काहीही होईल, जवळच्यांना बोलावून घ्या. बाबांनीच त्याला बजावलं, "तिला पहिलंच पान पाठव. ती कागद वाचते, दुसरं दिसलं तर धावत येईल."

दादा रडत होता. "मी तुला फसवलं गं. तुझी भेट माझ्यामुळे हुकली." आई त्याच्याशी बोलत नाही. मावशी तर येईल त्याला सांगते, पोरीला कळवलं नाही म्हणून. तो मान खाली घालून ऐकून घेतो. दोनदा जेवणावरून उठला.

मी म्हटलं, जाऊ दे दादा. त्याने माझे पाय धरले. माझा मोठा भाऊ!

सोमवार, २ डिसेंबर. कावासाकी

आज कामाला बसले. पहिल्याच फाइलीत एक पान कमी. परत पाठवली.

बाबांच्या पेपरचा तो फोटो फोनमध्ये अजून आहे. खाली कोपऱ्यात छापलंय — पान १, एकूण २.

मला मंगळवारीच दिसलं होतं. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

दादाला अजून सांगितलेलं नाही.