बारावी बाजू

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्या फोनोची एक गोष्ट सांगायची राहूनच गेली आहे.

धरणगावच्या कापसाच्या जिनात तुम्ही फिटर. बदली होऊन जाताना गोऱ्या इंजिनिअरनं चावीचा फोनो आणि सहा तबकड्या तुम्हाला भेट दिल्या. ऑस्ट्रिया मुलखातल्या कुणा जुन्या माणसानं देवासाठी रचलेलं गाणं आहे, एवढंच सांगितलं. रविवारी दुपारी जिन बंद. तुम्ही सतरंजी अंथरता, धुतलेली टोपी घालता, चार गडी येऊन बसतात. तबकडी फिरते आणि आपल्या एवढ्याशा खोलीत शंभरेक गळे एकदम उठतात, मागून तुताऱ्या, नगारे. शब्द एक कळत नाही, अंगावर काटा मात्र दरवेळी येतो. तुम्ही डोळे मिटून म्हणता, "इतला मानसे एकसंगे गाई राहिनात, पन कोनाच कोनले धक्का लागत नही. बठ्ठं माप मा शे!" सगळं मापात, ही मशीन जुळवणाऱ्याची दाद होती.

एक तबकडी पुढून वाजवायची, उलटून मागून वाजवायची, मग दुसरी घ्यायची, ही तुमची रीत. सहावी संपताना गाणं मध्येच तुटायचं. एक गडी म्हणाला, "भाऊ, हाई ते अर्धंच रही गयं." तुम्ही म्हणालात, "देवनं गानं शे ते. सरी कसं?" देवाचं गाणं सरेल कसं, हे गड्यांनाही पटलं.

मी इंग्रजी वाचायला लागले तेव्हा कळलं. पहिल्या तबकडीवर पुढं एकचा आकडा होता, मागं बाराचा. मशीनच्या मीटरवरचे इंग्रजी आकडे तुम्हाला येत, पण तबकडीवर आकड्यांची एवढी गर्दी, की ते कंपनीचे नंबर समजून तुम्ही सोडून दिले असणार. तो संच आपोआप तबकड्या टाकणाऱ्या मोठ्या यंत्रासाठी होता: आधी सहाही तबकड्यांच्या पुढच्या बाजू, मग थप्पी उलटून मागच्या. आपण सुरुवातीला जोडूनच शेवट ऐकत होतो.

तुम्ही मशीनचा भाग आणायला धुळ्याला गेलात, त्या दिवशी मी एकटीनं क्रमानं लावलं. बारावी बाजू तोंडपाठ होती माझी. पण अकरा बाजू चढून तिच्यापाशी पोचले तेव्हा मी सतरंजीवरून उठून उभी राहिले. गाणं संपत होतं, आबा, आणि तसं संपणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

तुम्ही आलात, हातपाय धुतलेत, मी चहा दिला आणि काही बोलले नाही. वर्षभरात तुम्ही गेलात, ते क्रमानं न ऐकताच. तुमचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिले, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं तर ते संपणं माझ्या एकटीचं राहावं, असा लोभ सुटला होता मला.