आक्काच्या मगाला बांधलेली घंटी

पुसेगाव, ९ डिसेंबर २०२४

ती. आक्कास मसाजीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. दादाचं तेरावं झाल्यापासून पेन धरवत नव्हतं. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि परमेश्वरला सांगावं तर तुझा लेक अर्धंच तुझ्यापर्यंत पोचवतो.

सटवाजीदादा कसा गेला, हे तू विचारतेस. रानात मेंढरांपाशी गारठायचं आणि घरी येऊन कढत पाणी डोक्यावरून घ्यायचं, ही आपल्या बापापासूनची रीत. हाडातली थंडी निघते म्हणे. त्या दिवशी न्हाणीची कडी आतून होती. पाण्याचा आवाज थांबला, तर अंग चोळतोय असं वाटलं. दार तोडलं तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी फार कढत पाणी घेतलं की रक्तदाब एकदम उतरतो, चक्कर येते, हृदयाला सोसत नाही. त्यात दाबाच्या गोळ्या चालू. कोमट घ्यायला पाहिजे होतं.

आक्का, तूही त्याच गोळ्या खातेस, तसंच पाणी घेतेस, आणि कडी लावतेस. बाहेरून हाक मारली तर तुला कळायचं नाही. म्हणून वसमतला येणाऱ्या आपल्या गावच्या बाबूसिंगाबरोबर दादाच्या एडक्याच्या गळ्यातली घंटी पाठवतोय. न्हाणीतल्या मगाला बांध. रानात घंटी वाजते तोवर आपण निवांत, थांबली की धावायचं. सूनबाईला सांग, कान ठेव म्हणून.

दादाच्या न्हाणीला मी दार बसवलं नाही. आत कुणी जात नाही, तरी सकाळी फरशी ओली असते.

या लहान्या भावावर जीव असू दे.
मसाजी


वसमत, १८ डिसेंबर २०२४

चि. मसाजीस सत्यभामाबाईचे अनेक आशीर्वाद.

घंटी बांधली. सीमा हसत म्हणाली, न्हाणीत सासूबाई हायेत का शेळी, तेच कळंना. परमेश्वर म्हणाला, मामाचं डोकं फिरलं. मी म्हटलं, पोरगा होता तवा सावलीला भ्यायचा, आता वाफेला भितो. काहून रे एवढा भितोस?

कोमट पाण्यानं भिजल्यागत होतं, न्हाल्यागत नाही. तरी तुझ्यासाठी गार मिसळते. खोटं कशाला बोलू, थंडी वाढली की मिसळत नाही. कडी मात्र काढणार नाही, न्हाणी येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर आहे.

एक सांगते, कुणाला बोलू नकोस. घंटी मला ऐकू येत नाही, पण मग उचलला की दादा जवळ बसल्यागत वाटतं. मग पाणी घेतच राहावंसं वाटतं.

ती फरशी पुसत जा, घसरशील. आठवण ठेव.
आक्का


पुसेगाव, ६ जानेवारी २०२५

ती. आक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

मगाची घंटी सोड. तुझं पत्र मिळताच हेच लिहून धाडलं होतं, त्याचं उत्तर नाही. दादा येत असेल तर त्याला तिथं बसवू नकोस. पाण्यात गार मिसळ, कडी काढ, सीमाला बाहेर बसव. उठताना घाई करू नकोस. लाजेपायी जीव देऊ नकोस.

आज पहाटे मेंढरं वाडग्यात, काट्यांच्या कुंपणाआड, गप बसली होती. एकाच्याही गळ्यात घंटी नाही. तरी दादाच्या न्हाणीतून घंटी वाजत होती. मी उंबऱ्यात उभा राहिलो. मग ती थांबली.

रानात थांबली असती तर धावलो असतो. या गुडघ्यांनी वसमतला कसा धावू? परमेश्वरचा फोन बंद लागतो. बाबूसिंग निघालाय, त्याच्या हाती हे देतो. तो उत्तर घेऊनच परतेल.

दोनच अक्षरं लिही, पण परमेश्वरच्या हातची नकोत. तुझ्या हातची पाठव, आक्का. लवकर पाठव.

मसाजी