आईला काय झालं होतं?

४ जून

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर विचारलं की नेमकी तेव्हाच कुठली तरी लिफ्ट अडकते आणि तुला दुरुस्तीला धावावं लागतं, म्हणून पत्रच लिहिते आहे.

आमच्या चष्म्यांच्या कारखान्यात तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पंचेचाळिशीपुढच्यांना शौचाचा नमुना आणायला डब्या देत होत्या, आतड्याचा कॅन्सर लवकर कळावा म्हणून. मी बेचाळीसची, वाटलं सुटले. पण घरच्यांचे आजार त्यांनी सगळ्यांनाच विचारले. आई सत्तेचाळिसाव्या वर्षी पोटाच्या दुखण्यानं गेली म्हटल्यावर म्हणाल्या, पोटात काय एकच गोष्ट असते? आतड्याचा कॅन्सर असला, तर मुलांनी त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासूनच दुर्बिणीतून तपासून घ्यायला हवं. म्हणजे मला पाच वर्षं उशीर झालाय आणि एक्कावन्न वर्षांच्या तुला चौदा!

तेव्हा मी शाळेत होते. दवाखान्यात आईबरोबर तूच जायचास. एका शब्दात उत्तर दे. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, त्याची काळजी नको, उत्तराची कर.

तुझी बारकी

२० जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. इकडे सर्व क्षेम. एका कचेरीतली जुनी लिफ्ट महिनाभर तिसऱ्या-चौथ्या मजल्यांमध्ये थांबत होती. दोर बदलला, मोटर उघडली, तरी तेच. शेवटी दाराच्या फटीत कोटाचं बटण सापडलं! एवढंसं बटण, पण अख्ख्या कचेरीला जिने चढायला लावले त्यानं. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे. गॅलरी पुन्हा गळते.

आईचं ते पोटाचंच होतं. इतक्या वर्षांनी उकरून काय मिळणार? मी ठणठणीत आहे. मधूनमधून मूळव्याध डोकं वर काढते, रक्त जातं, पण मलम लावलं की भागतं. लोभ ठेव आणि डोकं शांत ठेव.

दादा

२६ जून

दादा,

मायना मुद्दामच गाळलाय. अर्धं पान लिफ्ट, एक ओळ गुडघा आणि आई अर्ध्या ओळीत! लिफ्ट बिघडली तर तू दोर, मोटर, फट सगळं उघडून बघतोस, आणि स्वतःचं रक्त जातंय तर मलम? मूळव्याध आहे हे तुला सांगितलं कुणी, मलमाच्या डबीनं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असेलही मूळव्याध, पण तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

मी तपासणीला नाव नोंदवलंय. तरी मला खरं काय ते कळायला हवं. वहिनींना नमस्कार. तुला नाही.

बारकी

५ जुलै

चि. बारकीस,
आशीर्वाद.

आतड्याचा कॅन्सर होता.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं वाचलं. माझ्यापुढे कागद ठेवून म्हणाली, लिहून होईपर्यंत उठायचं नाही. तरी पाच दिवस लागले.

आईला वर्षभर रक्त जात होतं. जागाच अशी, लाजेनं कुणाशी बोलली नाही. मी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. तिनं मला शपथ घातली, बारकीला कळू द्यायचं नाही, लोकांना तर नाहीच. मी ती पाळली. पण आतल्या आत तिच्यावर फार चिडलो होतो, एकदा तरी सांगायचं होतंस म्हणून. आणि आता मीच सात महिने मलम लावतोय.

तुझ्या तपासणीचं कळव.

दादा

९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

झाली एकदाची तपासणी. आदल्या दिवशी ते जुलाबाचं औषध पिऊन संडासाच्या दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. तपासणीचं मात्र काहीच कळलं नाही, गुंगीत होते. आतड्यात मांसाचे दोन कोंब सापडले, एक चांगला द्राक्षाएवढा. तिथल्या तिथे काढले. कॅन्सर नाही, पण मोठा तसाच राहिला असता तर पुढे होण्याची भीती होती.

ऐकून आधी रडले आणि मग पुन्हा तुझ्यावर चिडले. वहिनी सांगत होत्या, तू तुझ्या तपासणीची तारीख दोनदा पुढे ढकललीस, एकदा म्हणे काम होतं आणि एकदा म्हणे बरं वाटत नव्हतं. अरे, बरं वाटत नाही म्हणूनच तर जायचं ना! मंगळवारी मी येते आहे. हाताला धरून नेईन. गडबड न करता ते औषध प्यायचं. प्रेम आहे म्हणून इतकं बोलते, नाहीतर दोन ओळींत आटोपलं असतं.

तुझी बारकी

३० सप्टेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर ऑपरेशनचे टाके निघाले. तपासणीत सापडलेली गाठ कॅन्सरचीच आहे हे तू होतीस तेव्हाच कळलं होतं. आता पक्का अहवाल आला. आतड्याच्या भिंतीबाहेर गेलेली नव्हती. वीतभर आतडं गेलं, पण पुढे औषधं नकोत, नेमानं तपासण्या मात्र करायच्या. आणखी वर्ष काढलं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही.

काल मुलाला पत्र लिहिलं. आजीला काय होतं, मला काय झालं, सगळं नाव घेऊन सांगितलं. चाळिशीला त्यानं तपासून घ्यायचंच, हेही बजावलं.

आईवरचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण इस्पितळात पडल्या पडल्या ती सारखी दिसायची. दार लावून आत बसलेली, घाबरलेली. त्या वर्षी तिला कुणीतरी विचारायला हवं होतं, काय होतंय गं? मी घरातच होतो.

माझी पाठ कधी सोडू नकोस.

तुझा दादा