कोटाच्या खिशातले तीन फ्यूज

आबा, गिरणीवाल्यांचा मुलगा मला बघायला आला त्या दुपारी तुम्ही घातलेला काळा कोट पुन्हा कधी अंगावर चढवला नाहीत. आई विचारायची तेव्हा उकडतं म्हणायचा, ऐन थंडीतसुद्धा. त्या कोटानं आपल्या पोरीचं चांगलं स्थळ घालवलं, हे तुम्ही मनाला लावून घेतलं होतं.

तुम्ही वीज कंपनीत लाइनमनांचे मुकादम. तारेवर माणूस चढवायचा तर आधी ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतले त्या लायनीचे तिन्ही फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे, हा तुमचा नियम. पेटीत ठेवले तर कुणी तरी शहाणा येऊन बसवणार आणि वरचा माणूस जिवानिशी जाणार. वरचा खाली उतरून स्वतः मागेल, तेव्हाच ते द्यायचे. असे फ्यूज खिशात घेऊन तुम्ही जेवायला आलात, दाढीला गेलात, एकदा तर मयतीलाही जाऊन आलात. शॉक बसला तर हात चिकटू नये म्हणून विजेच्या कुठल्याही वस्तूला आधी पालथा हात लावून बघायचात, आणि ती सवय इतकी मुरली होती की दुधाचं पातेलं आणि नवी चप्पलही पालथ्या हातानंच तपासायचा.

त्या दुपारी नेमकी राजारामपुरीतल्या आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर तार तुटली. तुम्ही फ्यूज काढून हाताखालच्या लाइनमनला खांबावर चढवलंत, तोच पाहुणे आल्याचा आईचा निरोप आला. घरी येऊन तुम्ही खाकी सदऱ्यावरच कोट चढवलात आणि फ्यूज कोटाच्या खिशात टाकलेत. चिनीमातीचे ते तीन ठोकळे. खिसा पार मांडीपर्यंत लोंबला. मी पोह्यांच्या बश्या घेऊन आले तेव्हा मुलाच्या वडिलांची नजर माझ्यावर नव्हतीच. ती त्या खिशावर होती. एवढं जड म्हणजे सोन्याचंच काही तरी, अशी त्यांची समजूत झाली असावी.

"पोरगी लक्ष्मी हाय की," ते म्हणाले. मी अजून मानही वर केली नव्हती.

तेवढ्यात त्यांच्या गिरणीवरचा गडी धापा टाकत आला. गिरणी आपल्या पलीकडच्याच गल्लीत, त्याच लायनीवर. "मालक, गिरणी बंद पडलीया. बायका डबं घिऊन भांडाय लागल्यात."

"लाइन मीच बंद केलीया," म्हणत तुम्ही खिशातून तिन्ही फ्यूज काढून पोह्यांच्या बशीशेजारी मांडलेत. मुलाच्या वडिलांचा चेहरा असा काही उतरला की मला हसू आवरेना.

"असू द्या," ते कसेबसे म्हणाले. "बसवून टाका आता."

"माणूस वर हाय."

"मग उतरवा की त्याला. आपण आता सोयरं."

"अर्धी तार लोंबत ठिवून कसा उतरंल? काम हुईल, त्यो खाली यील, मागंल. मग देणार."

मुलानं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "एका माणसापायी गिरणी बंद ठिवायची व्हय?" असं म्हणून त्यानं फ्यूजकडे हात नेला. तुम्ही ते झटकन उचलून खिशात घातलेत आणि वरून पंजा दाबून धरलात. आत आई बांगड्या वाजवून खुणावत होती; बांगड्या पुरेनात म्हणून तिनं परात आपटली. हे स्थळ जमावं म्हणून तुम्ही जोतिबाला पायी जाऊन आला होतात. तरी तुमचा हात खिशावरून निघाला नाही.

"आमच्याकडं पोरी लई सांगून येत्यात," म्हणत पाहुणे उठले. पोहे मात्र संपवूनच गेले.

पुढं तुम्ही मला त्या खांबावरच्या लाइनमनलाच दिलंत. हळदीच्या दिवशी बाजूला घेऊन म्हणालात, "गिरणी गेली आन् खांब आला तुझ्या वाट्याला. माझ्यामुळं झालं, पोरी." मग दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तेच. मी तुमच्या ताटात आणखी एक लाडू वाढायची. बापासमोर बोलायची ती गोष्ट नव्हती.

आता हे बाहेर रेडिओ लावून बसलेत. कुणाला लिहितेस म्हणून विचारलं, तर मी वीजबिलाची तक्रार म्हणून सांगितलं. तुम्ही गेलात, आता जाऊन जाऊन हा कागद जाणार कुठं, म्हणून लिहिण्याचं धाडस होतंय. आबा, आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो खांब दिसायचा. त्यावर चढणारा माणूस मी त्याआधी कितीदा तरी पाहिला होता, आणि त्यानंही खिडकीकडे. त्या मुलानं फ्यूजकडे हात नेला तेव्हा मी घाबरले, ते लग्न मोडेल म्हणून नव्हे. तुम्ही माझं काहीच घालवलं नाहीत. वर होतं ते माझं माणूस होतं.